आपला म्हणजे कुणाचा

मी शिवांजलीची वाचनवही बोलतेय. आवाज खरखरीत वाटेल, बोलणं तोडून टाकल्यासारखं वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवते: माझ्या पोटात जे शब्द भरले ते बहुतेक तिच्या आईचे. ज्या घरचं मीठ खावं त्या घरची जीभ लागते. गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. मोठ्या रिळावरचा कागद कापला, रेघा मारल्या, मधोमध दुमडून दोरा घातला, वर पुठ्ठा चिकटवला, झालं. माझ्यासारख्या हजारभर बहिणी त्याच दिवशी जन्मल्या. पुठ्ठ्यावर बर्फाचा डोंगर छापलेला आहे. तो घेऊन मी आले केजला. इथं बर्फ बघायचा तर रसवंतीवर जावं लागतं. पण पुठ्ठा छापणाऱ्याला ते कोण सांगणार?

बसस्टँडसमोरच्या दुकानात मी आठ महिने पडून होते. पोरं यायची, कागदावर बोट फिरवायची, पांढरा किती ते बघायची. आत काय लिहिणार, याचा विचार करून वही घेणारं एकही गिऱ्हाईक मला दिसलं नाही. मग शिवांजली आली. ती इतकं हळू बोलली की दुकानदारानं तीनदा विचारलं, "शंभरपानी म्हणतीस का दोनशेपानी?" तिला शंभरपानी हवी होती. दुकानदाराच्या हातात दोनशेपानी आली, तीच तिनं घेतली. ‘ही नको, ती द्या’ एवढं म्हणायचंही तिला जड. मी त्या घरात गेले ती अशी, तिच्या गप्प बसण्यामुळं.

घर म्हणजे पिठाची गिरणी. पुढं गिरणी, मागं दोन खोल्या. वडील मन्मथप्पा आठवडी बाजार करायचे. आज या गावाला, उद्या त्या गावाला, धान्य-कडधान्याचं पाल लावून. त्यामुळं दिवसभर गिरणीवर आई. तिचं नाव गंगासागर. चौथी शिकलेली. पाचवीची शाळा ओढ्यापल्याड होती आणि ओढ्यापल्याड पोरीला एकटी पाठवत नसत, म्हणून चौथी. पण बाईच्या तोंडाला कुणी चौथीवर अडवलं नव्हतं. गिरणी चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. वीस वर्षं गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून तिचा आवाज तसाच राहिला, गिरणी बंद असली तरी. ओल्या ज्वारीचा डबा आणणाऱ्याला ती तोंडावर सांगायची, "आधी वाळव, मग ये. आमचं जातं काय तुझ्या घरचं हाय?" गिऱ्हाईक रागवायचं, पण दुसऱ्या दिवशी वाळवून आणायचं, कारण बाई खरं बोलायची.

अशा घरात पोरगी गप्प झाली तर नवल काय? आईचा आवाज आणि गिरणीचा आवाज, दोन्हींच्या मधून तिचा आवाज बाहेर पडायला फटच नव्हती. ती मान हलवायची. होला पण मान, नाहीला पण मान.

शिवांजली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मराठीच्या वनमाला मॅडमनी तीन जुन्या कादंबऱ्या नेमून दिल्या होत्या. फळ्यावरची सूचना तिनं माझ्या पहिल्या पानावर उतरवली: ‘प्रत्येक कादंबरी वाचून आपला प्रतिसाद आपल्या शब्दांत लिहावा. एकूण गुण वीस.’ त्या वीस गुणांशिवाय पेपर सुटत नाही, हे तिनं खाली बारीक अक्षरात लिहिलं.

मग घरी येऊन तिनं गाईड उघडलं आणि माझ्या दुसऱ्या पानावर लिहायला सुरुवात केली. ‘सदर कादंबरीत लेखकाने तत्कालीन समाजजीवनाचे विदारक चित्रण केले असून...’ खोटं कशाला बोलू, मला दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं झालं. अक्षर तिचं छान होतं. वळणदार, मोत्यासारखं. पण हे वाक्य त्या दिवशी अडतीस वह्यांत उतरत होतं.

"काय लिहितीस गं शिवे?" गंगासागरनं विचारलं.

"अभ्यास."

"मोठ्यानं वाच की मग. अभ्यासाला काय लाज?"

तिनं वाचून दाखवलं. गंगासागरनं पिठाचे हात लुगड्याला पुसले.

"विदारक म्हंजी काय?"

"म्हणजे... वाईट."

"मग वाईट लिहायचं. किती वाईट ते लिहायचं. पुस्तक वाचलंस का तू?"

"गाईडमध्ये गोष्ट दिलीय, माय."

"म्हंजी दुसऱ्यानं जेवायचं आन् ढेकर तू द्यायचा."

असं म्हणून तिनं माझं पान धरलं, अंगठा आणि बोट कोपऱ्यावर, आणि ओढलं. माझं दुसरं पान गेलं. वहीचं एक पान फाडलं की दोऱ्यापलीकडचं त्याचं जोडीदार पानही सुटतं, हे फाडणाऱ्याला ठाऊक नसतं. माझं शेवटून दुसरं पान तेव्हापासून खिळखिळं आहे.

"माय, आपला प्रतिसाद लिहायचाय," शिवांजली म्हणाली. "आपला म्हणजे—"

"वाचलंय मी पहिल्या पानावर. आपला म्हंजी आपल्या घरचा. आपली गिरणी, आपली म्हैस, तसा आपला प्रतिसाद. गाईडवाल्याचा नव्हं. तू पुस्तक वाच, मी सांगते ते लिही."

पोरीचं ‘म्हणजे’ तोंडातच राहिलं. आणि इथंच सगळी चूक झाली. पण ती लबाडीची चूक नव्हती बरं का. त्या घरात ‘माझं’ हा शब्द फारसा कुणी वापरतच नव्हतं. ताट आपलं, दुखणं आपलं. गंगासागरनं सूचना वाचली ती तिच्या मराठीतून वाचली.

केजला दुपारची लाईट जाते. लाईट गेली की गिरणी थांबते आणि दळणाला आलेल्या बाया डबे घेऊन बसून राहतात. तीच आमची वाचनाची वेळ. शिवांजली दारातल्या उजेडात बसून वाचायची, गंगासागर पालथ्या डब्यावर बसून ऐकायची, आणि मी पोरीच्या मांडीवर उघडी. पुस्तकांची नावं गंगासागरच्या लक्षात राहत नसत, माणसं राहत. पहिल्या कादंबरीला ती ‘विधवेचं’ म्हणायची.

जुन्या काळची कुणी तरुण विधवा. सासरचे छळतात, ती सोसते, देवघरात रडते आणि शेवटच्या प्रकरणात तापानं मरते. शेजारच्या कौशल्याबाई रोज ज्वारीचा डबा घेऊन यायच्या. एवढ्या माणसांच्या घरात रोज दळण कशाला, असं कुणी विचारलं नाही. त्या गोष्टीसाठी यायच्या.

"गंगे, माझं दळण कवा?" त्या विचारायच्या.

"लाईट न्हाई. बसा. ही मरायला टेकलीय."

विधवा मेली तेव्हा कौशल्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. गंगासागरनं लावला नाही. ती म्हणाली, "लिही," आणि शिवांजलीनं माझ्यात लिहिलं:

‘ही बाई मेली ते लेखकाच्या सोयीसाठी मेली. चाळिसाव्या पानावर लिहिलंय की तिला शिवणकाम चांगलं येत होतं. मग पुढं दीडशे पानं ते कुणालाच कसं आठवलं नाही? तिला नाही आठवलं, सासूला नाही, लेखकाला पण नाही. हातात सुई असलेली बाई उपाशी मरत नाही. तिला मारायचंच होतं तर आधी सुई द्यायची नव्हती.’

पोरीनं हाय-न्हाई काढून वाक्यं सरळ केली, पण ठसका तसाच ठेवला. मला तर अंगात वारं शिरल्यासारखं झालं. वहीला कळतं हो, कुठलं वाक्य जिवंत आहे ते.

दुसरं पुस्तक ‘मास्तरचं’. शहरातून एक आदर्शवादी मास्तर खेड्यात येतो, गाव सुधारतो, गावकरी आधी दगड मारतात आणि शेवटी हार घालतात. कौशल्याबाईंना मास्तर फार आवडला. गंगासागर मात्र पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न धरून बसली.

"ह्याला भाकरी कोण करून घालतंय?"

"तसं दिलेलं नाही, माय."

"कावून दिलेलं न्हाई? सकाळी उठतो, गाव झाडतो, राती भाषण करतो. मधी कायतरी खात आसंलच की. पुढं बघ."

शिवांजलीनं पुढं बघितलं. दोनशे ऐंशी पानांत एकदाही चूल पेटली नव्हती. ते मग माझ्यात आलं: ‘या पुस्तकात सगळं गाव सुधारलं, पण मास्तरची भाकरी कुणी केली तिचं नाव नाही. जिनं केली तिनंही थोडं गाव सुधारलं असेल.’

या वाक्यावर बसलेल्या बाया हसल्या. शिवांजलीही हसली. तिला आईचं बोलणं मनापासून पटायचं. हे मी मुद्दाम सांगतेय, नाही तर तुम्ही म्हणाल आईनं पोरीला दाबलं. दाबलं नाही. आईचं इतकं बरोबर असायचं की पोरीनं स्वतःचं शोधायचंच सोडून दिलं.

वह्या तपासायला गेल्या. मॅडमच्या टेबलावर आम्ही अडतीस जणी एकावर एक. सदतीस जणींच्या पोटात ‘विदारक’. मॅडम माझ्यापाशी आल्या, दोन पानं वाचली, चष्मा काढला, परत घातला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात मला मोठ्यानं वाचलं. सुई आणि चूल ऐकून वर्ग हसला.

"शिवांजली, ऊठ," मॅडम म्हणाल्या. "मास्तरबद्दल अजून काय वाटलं तुला? शेवटी गावानं हार घातला, तो पटला का?"

शिवांजली उठली. हाराबद्दल गंगासागर काहीच बोलली नव्हती. त्या दिवशी मधेच लाईट आली होती. पोरगी उभी राहिली, बोटाला ओढणी गुंडाळत. मान हलली, पण ती हो होती की नाही ते मलाही कळलं नाही. मागून कुणीतरी खुसखुसलं.

तास संपल्यावर मॅडमनी तिला थांबवलं.

"यात कोण बोलतंय?"

"माझी आई."

"काय शिकल्यात?"

"चौथी."

मॅडम जरा वेळ माझी पानं चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आईला वीसपैकी एकोणीस देते मी. एक गुण राखून ठेवते, बिचाऱ्या मास्तरच्या मागं त्या जरा जास्तच लागल्या म्हणून. पण तुला काय देऊ, सांग."

पोरीनं मला घ्यायला हात पुढं केला.

"तिसऱ्या कादंबरीवर तुझं लिही. चार ओळी लिही, वेड्यावाकड्या लिही. ते पंधरा दिवसांत आलं तर गुण, नाही तर रकाना कोरा जाईल. उसनं घेणार नाही मी, मग ते गाईडचं असो की आईचं."

घरी ही गोष्ट कळली तेव्हा गंगासागरनं चालू गिरणी बंद केली. लाईट असताना गिरणी बंद केलेली मी पहिल्यांदाच बघितली. मला पिशवीत टाकलं आणि पिठाच्याच लुगड्यावर कॉलेज गाठलं. शिपायानं विचारलं, "बाई, कुणाला भेटायचंय?" ती म्हणाली, "जिनं माझा पेपर तपासलाय तिला." आणि सरळ आत.

"या ताई, बसा," वनमाला मॅडम म्हणाल्या.

"बसायला न्हाई आले." तिनं मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "तुमी फळ्यावर लिहिलंत, आपला प्रतिसाद. आपला म्हंजी कुणाचा?"

"ज्याचा त्याचा."

"मग ज्याचा त्याचा लिहायचं. आपला म्हंजी घरातल्या सगळ्यांचा. मी काय परकी हाय? चोरून लिहिलं का आमी?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "चूक माझी आहे. शब्द सैल वापरला. पण ताई, एक विचारते. शिवांजलीला त्या मास्तरबद्दल काय वाटतं, तुम्हाला माहितीये?"

"मला वाटलं तेच वाटत आसंल. माझ्या पोटची हाय ती."

"विचारलं होतं?"

गंगासागरनं मला टेबलावरून उचललं.  पिशवीत घातलं आणि ती दारातून वळून म्हणाली, "एक गुण कमी दिला तुमी. मास्तरच्या मागं मी जास्त लागले न्हाई. कमीच लागले." 

तिसरं पुस्तक ‘गेलेलीचं’. गावाच्या कडेला एक आई आणि लेक राहतात. लेक घर सोडून शहरात जाते, दवाखान्यात नर्स होते आणि पुन्हा माघारी येत नाही. आई मरते, ते लेकीला पत्रानं कळतं. पत्र वाचून ती रात्रपाळीला जाते. तिथं पुस्तक संपतं. लेखकानं तिला ना शिक्षा दिली, ना माफी.

शिवांजलीनं हेही दुपारी मोठ्यानंच वाचलं. सवय होती. शेवटचं पान संपलं आणि कौशल्याबाई म्हणाल्या, "आगं माय माय, अशी कशी गं लेक?"

"काळीज न्हाई तिला," गंगासागर म्हणाली. "आईला टाकून गेली. पुस्तकात तिला काईच झालं न्हाई, ते चुकलं. लिही शिवे."

शिवांजलीनं पेनाला टोपण लावलं.

"लिही की."

"नाही लिहीत."

कौशल्याबाईंनी एकदा आईकडं पाहिलं, एकदा लेकीकडं.

"मॅडमनं न्हाई म्हणलं म्हणून? मॅडमला सांगू नको. लिही."

"मॅडमचं नाही, माय. मला तसं वाटत नाही."

"मग कसं वाटतं?"

तेवढ्यात लाईट आली. गंगासागरनं गिरणीचं बटण सकाळपासून चालूच ठेवलं होतं. पट्टा खडखडून फिरला, पिठाचा धुरळा उडाला. पोरीचे ओठ हललेले मला दिसले. काय बोलली ते गंगासागरला ऐकू गेलं नाही. बाया डबे घेऊन उठल्या, दळणाचे नंबर लागले. शिवांजली मला घेऊन मागच्या खोलीत गेली आणि गिरणीच्या त्या आवाजात तिनं पहिल्यांदा माझ्यात स्वतःचं लिहिलं. अक्षर इतकं बिघडलं की हे तेच अक्षर का, असं मला वाटलं. तिनं लिहिलं ते त्या कादंबरीतल्या लेकीला:

‘ताई, तुम्ही गेलात ते मला बरोबर वाटलं. तुमच्या आईची माया नव्हती असं नाही. पण घरात एकाच माणसाचा आवाज असला की दुसऱ्याला स्वतःच्या मनातलं ऐकू येत नाही. माझी माय खरं बोलते. ती बोलली की मला पटतं. अडचण तीच आहे. मास्तरला शेवटी हार घातला तेव्हा मला रडू आलं होतं, पण चूल नव्हती म्हणून मी ते लिहिलं नाही.

तुम्ही परत गेला नाहीत, हे मात्र चुकलं. मी गेले असते. दर शनिवारी गेले असते.

मला लातूरला एम.ए. करायला जायचंय. घरी बोलले नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही.’

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली आणि मी घरी राहिले. विसरली नव्हती. गंगासागर ज्या पालथ्या डब्यावर बसते, त्याच डब्यावर तिनं मला ठेवलं, ते पान उघडं करून, वर वजनाचा दगड ठेवून. तोंडानं होत नव्हतं ते तिनं असं केलं. दारातून बाहेर पडताना तिचा चेहरा मी पाहिला. परीक्षेला जाणाऱ्या पोरीसारखा होता.

दुपारी लाईट गेली. गंगासागर बसायला आली, दगड उचलला, आणि तिला दिसलं की यात तिनं सांगितलेलं काही नाही.

चौथीचं वाचन. बोट ओळीखाली, ओठ हलतायत, जोडाक्षर आलं की बोट थांबतं. ‘माझी माय खरं बोलते’ इथवर ती बरी आली. पुढच्या ओळीवर बोट इतका वेळ थांबलं की मला वाटलं अक्षर लागत नाही. अक्षर लागत होतं. कौशल्याबाई डबा घेऊन आल्या.

"एवढं काय वाचतीस गंगे? कुणाचं हाय?"

"शिवेचं," ती म्हणाली. ‘आपलं’ नाही म्हणाली.

"काय लिहिलंय?"

"तुमाला काय करायचंय? लाईट न्हाई, घरी जा."

लातूरच्या ओळीपाशी पोचल्यावर तिचा अंगठा आणि बोट माझ्या कोपऱ्यावर आलं. ती पकड मला ओळखीची होती. मी दोरा आवळून बसले. माझ्या जिवाची भीती नव्हती. हे पान गेलं असतं तर त्या पोरीनं पुन्हा कधी लिहिलं नसतं. पकड घट्ट झाली, पानाला मुरड पडली. मग तिनं हात काढला. कोपऱ्यावर पिठाचा अंगठा उमटला तो अजून आहे.

संध्याकाळी शिवांजली आली. मन्मथप्पाही बाजार करून आले होते, पायऱ्यांवर बसून चहा पीत होते. गंगासागरनं मला पोरीच्या पुढं टाकलं.

"घरात एकाचाच आवाज म्हणलीस मला."

"तुला नाही माय. पुस्तकातल्या आईला."

"गप. मला वाचता येतं." मग पानावर बोट ठेवून, "अंबाजोगाईला एम.ए. न्हाई का?"

"आहे."

"मग? ते जवळ हाय."

"म्हणूनच," शिवांजली म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "अंबाजोगाईहून रोज घरी यावं लागेल."

मन्मथप्पा बशी खाली ठेवत म्हणाले, "एवढं म्हणतीय तर आपण—"

"तुमी थांबा हो. ती आता कुठं बोलायला लागलीय, तिला बोलू द्या." मग पोरीकडं वळून, "दर शनिवारी लिहिलंस. शाईनं लिहिलंस. महिन्यातून एकदा लिहिलं असतंस तर पान फाडलं असतं मी."

"दर शनिवारी येईन."

"आन् ती पुस्तकातली चुकलीच. त्यात तुझं-माझं जमायचं न्हाई."

"नाही चुकली," पोरगी म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली. मन्मथप्पांनी बायकोकडं बघितलं. ती चुलीकडं बघत होती, रागानं म्हणा की कशानं.

मॅडमनी त्या पानाला चौदा गुण दिले. खाली तांबड्या शाईत एवढंच: ‘तुझं मिळालं.’ गंगासागर आजही गिऱ्हाइकांना सांगते, "मला एकोणीस हायत, आमच्या शिवेला चौदा." आणि शिवांजली ते ऐकून जी मान हलवते ती नाहीची असते, हे आता सगळ्यांना ओळखू येतं.

बी.ए. उरकून लातूरला जाऊन तिला दीड वर्ष झालं. मला नेलं नाही. मी गिरणीवरच असते, खिळखिळ्या पानाची, पिठानं भरलेली, पुठ्ठ्यावरचा बर्फाचा डोंगर पिवळा पडलेला. मला वाटलं होतं, आता गुण मिळाले, आता आपलं काम संपलं, जायचं कुठल्यातरी भेळवाल्याकडं. पण पहिल्याच शनिवारी ती परत निघताना गंगासागर म्हणाली, "त्या गेलेलीवर मला आजून एक सुचलंय, लिही." शिवांजली म्हणाली, "माझी बस आहे, माय. तू लिही." आणि निघून गेली. बाई तासभर माझ्याकडं रागानं बघत बसली. मग पेन उचललं. चाळीस वर्षांनी. काय तिचं अक्षर सांगू तुम्हाला. एकेक अक्षर पायलीएवढं, आणि दाब एवढा की तीन पानं खाली उमटतं.

तेव्हापासून भांडण माझ्यातच चाललंय. आठवडाभरात आई लिहिते, शनिवारी लेक उत्तर देते.

‘ती चुकली.’

‘नाही चुकली.’

‘आई मेली तवा कुटं होती?’

‘दवाखान्यात. दुसऱ्या कुणाची तरी आई वाचवत.’

‘लई शाणी.’

‘तुझीच.’

माझी आता सहा पानं उरली आहेत, खिळखिळं धरून. या दोघींचं भांडण सहा पानांत मावणारं नाही. दुसरी वही आणावी लागेल. माझं एवढंच मागणं आहे, की ती आली म्हणून मला रद्दीत घालू नका. आणि तुमच्या घरातल्या पोरापोरींच्या वह्या कधी उघडून बघितल्यात, तर अक्षर किती वळणदार आहे ते बघू नका. आत त्यांचं काय आहे ते बघा. नसेल तर विचारा. विचारून झाल्यावर गप्प बसा. आमच्या गंगासागरला ते अजून नीट जमत नाही, पण ती झटतेय.

आज शुक्रवार. दुपारी गंगासागरनं नवीन लिहिलंय, आणि लिहून झाल्यावर मला मिटून दिवसभर तिकडं फिरकली नाही. चार ओळी आहेत: ‘गेलेलीच्या आईनं तिला जा म्हनलं आसतं तर ती परत आली आसती. आईनं तसं म्हनलेलं पुस्तकात कुटं न्हाई. मी परत बगितलं. चूक आईचीबी हाय. थोडी.’

शिवांजली उद्या दुपारच्या बसनं येईल. हे तिच्याआधी तुम्ही वाचलंत, ते तिला सांगू नका. मिटा आता मला.